वाणाची ट्यूब

चैत्र शुद्ध प्रतिपदा, सकाळ. लखनौ, मानक नगर, आमचं क्वार्टर.

हजर: मी. माझे यजमान, गुढीची काठी बांधण्यापुरते. बँकेतल्या ताई, माझ्याहून मोठ्या आणि माझ्याहून स्पष्ट. जानकीपुरम वस्तीतली नवी नवरी, मूळची नागपूरची, लग्न होऊन वर्ष झालेली. गैरहजर: आमची कन्या, म्हणजे घरातच, पण झोपलेली.

मी ओढणी डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली आवळली होती, कपाळ आणि जबडा झाकेल अशी. पंख्याखाली बसूनही सोडली नाही.

कारण सांगायचं तर दिवाळीपासून सुरुवात करावी लागेल. पन्नाशीला आलेल्या बाईला मुरमं येतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जबड्याच्या कडेला ठसठशीत, दुखरी, एक बसलं की शेजारी दुसरं. मी डाळीचं पीठ लावलं, लिंबू चोळलं, कडुनिंब वाटला. शेवटी चिकनकारीचे कुर्ते घ्यायला चौकात, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात गेले होते, तिथल्या केमिस्टला विचारलं. त्याने एक ट्यूब दिली. "बहनजी, हफ्ते भर में चाँद." आठवडाही लागला नाही. मुरमं बसली, डाग फिके झाले, चेहरा उजळला. संक्रांतीपर्यंत मी ती रोज लावत होते.

मी डाळीच्या पाकिटावरची तारीख वाचते, दुधाच्या पिशवीवरची वाचते. ट्यूबवरचीही वाचली. आत काय आहे, ते बारीक अक्षरांतलं मात्र वाचलं नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्या लुटण्याच्या मी विरोधात आहे. प्रत्येकीच्या घरी त्या वाट्यांची उतरंड झाली आहे. वस्तू उपयोगी हवी. मी चौकातून ट्यूबा घाऊक आणल्या, प्रत्येकीला लाल रिबन बांधली आणि हळदकुंकू लावून, तिळगूळ हातावर ठेवून, एकेकीच्या ओटीत टाकल्या. बायका खूश. ताई म्हणाल्या, "तुझं डोकं म्हणजे डोकं आहे." ते मला फार आवडलं होतं.

वाटून झाल्यावर लक्षात आलं की स्वतःसाठी एकही ठेवली नाही. केमिस्टकडचा माल संपला होता. म्हटलं, येईल तेव्हा घेऊ. आठवडाभरात चेहरा पेटला. लाल झाला, उन्हात गेलं की मिरची चोळल्यासारखी आग, आणि मुरमं पूर्वीच्या दुप्पट, कपाळावरसुद्धा. मी स्कूटरवर बांधायचा दुपट्टा भाजी घेतानाही बांधून ठेवू लागले. भाजीवाला भैया म्हणाला, "दीदी, इतनी धूप तो अभी आई नहीं."

अलीगंजच्या डॉक्टरीणबाईंनी माझी संपलेली ट्यूब उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. त्यात स्टेरॉइड होतं. ते सूज आणि लाली दाबून टाकतं, म्हणून आधी चेहरा छान दिसतो. आतून त्वचा पातळ होत जाते, आणि थांबवलं की सगळं उसळून वर येतं.

"घर में और कोई लगा रहा है?"

"घर में नहीं," मी म्हणाले. उत्तर खरं होतं. बाहेर आल्यावर मात्र जिन्यातच मी वाण नेलेल्या बायका बोटांवर मोजल्या.

त्यांनी दिलेली शिस्त मला पटली. साध्या फेसवॉशने दोनदाच धुवायचं, घासायचं नाही. मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. पुढे चेहरा शांत झाल्यावर रात्री वाटाण्याएवढं औषध, ते फोडावर ठिपका म्हणून नाही, सगळ्या चेहऱ्यावर पातळ. फोडायचं नाही. पीठ, लिंबू बंद. आणि धीर धरायचा, महिने लागतील. या शेवटच्या कलमाची मला सवय नाही.

मग मी एकेकीला फोन केले. वाण दिलेलं परत मागायची रीत आपल्यात नाही, आणि मी तेच करत होते. प्रत्येक वेळी "तिळगूळ घेतलात ना, आता ते दुसरं लावू नका" असं काहीतरी विनोदी बोलायचे आणि फोन ठेवल्यावर कान तापलेले असायचे. बहुतेकींनी ट्यूब उघडलीच नव्हती. ताई म्हणाल्या, "मी टाचांना लावली. माझा चेहरा आता कोण बघतंय!"

एक फोन राहिला. जानकीपुरमचा. ही मुलगी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर मुरमं होती, आणि ती फोटोत नेहमी कुणाच्या तरी मागे उभी राहायची. वाण देताना मी तिच्या कानात म्हणाले होते, "तुझ्यासाठीच आणलंय असं समज." त्यामुळे तिला काय सांगावं ते सुचेना.

पाडव्याला ती आली तर चेहरा आरशासारखा. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली. आल्या आल्या म्हणाली, "काकू, माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, लखनौचं पाणी मानवलं पोरीला. मी म्हटलं, पाणी नाही, काकू मानवल्या!"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी कडुनिंबाची वाटी उचलली.

"अन् तुमच्या चेहऱ्याला काय झालं हो? लाल काहून दिसतो?"

"उष्णता," मी म्हणाले. "वय."

"मग तुम्ही आज दोन घास घ्या कडुनिंबाचे. रक्त शुद्ध!" ती हसली, आणि ओली चटणी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातली. गूळ कमी पडला होता. मग हळूच म्हणाली, "ट्यूब संपत आली, काकू. दुकान चौकातलंच ना? वैशाखात दिराचं लग्न आहे, तोवर पुरायला पाहिजे. यांना विचारलं तर म्हणतात, मला लेबल वाचायला वेळ नाही."

तिचा नवरा नवी औषधं शोधणाऱ्या सरकारी संस्थेत नोकरीला आहे. याचं हसू यायला हवं होतं.

"तू नको जाऊस," मी म्हणाले. "मी बघते."

"आणून देता? किती करता तुम्ही!" तिने वाकून नमस्कार केला. माझा हात तिच्या डोक्यावर गेला. तिच्या लाल न झालेल्या गालाकडे बघत राहिले.

ती गेल्यावर ताई भांडी आवरत म्हणाल्या, "तू सांगितलं नाहीस तिला."

"सणाच्या दिवशी कसं सांगू?"

"सणाच्याच दिवशी दिलं होतंस ना?"

मी उरलेली चटणी झाकून ठेवली. 

तिची ट्यूब संपली की काय होईल हे मला माहीत आहे. मी ते आरशात रोज बघते. संपायच्या आधी तिला डॉक्टरीणबाईंसमोर बसवायला हवं, आणि त्याआधी ओढणी काढून तिच्यासमोर बसायला हवं, म्हणजे फार बोलावं लागणार नाही.

सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवली. तांब्या चिंचेने घासला. साडीची घडी केली, काठी माळ्यावर टाकली. साखरेची गाठी कन्येने उठून खाल्ली. सनस्क्रीन संपलं होतं, आणलं. जानकीपुरमला जायचं आहे.