पुडीचा चहा

आता तुमच्यापुढे कसली लाज बाळगायची? चहा घ्या आणि ऐका. आयुष्यात गाढवपणा मी पुष्कळ केला, पण हा जो सांगतोय ना, त्याला तोड नाही. आणि त्यातला निम्मा गाढवपणा माझा मलाच कळायला तीसेक वर्षं लागली!

आमचं चिंचवड तेव्हा केवढं? गावठाण, पवनेचा घाट आणि चालत गेलं की स्टेशन. मधे सगळी शेतं. आज जिथं तुमच्या सोसायट्या आहेत ना, तिथून आम्ही ज्वारीच्या बांधानं जायचो, आणि वाटेत भेटेल तो हाक मारायचाच. हाक मारल्याशिवाय कुणी पुढं जात नव्हतं, राव. फार आठवतं ते.

पिंपरीला औषधांचा कारखाना नवाच निघाला होता, आणि मी तिथं चिकटलो होतो. काम काय, तर इंजेक्शनच्या बाटल्यांना लेबलं लावायची. दिवसभर हातात इंजेक्शनं, आणि नुसती सुई दिसली की मी गार! हसू नका. हलवाई कधी स्वतःची मिठाई खातो का?

त्यातच माझं लग्न ठरत आलेलं. मुलगी महाळुंग्याची, नाव हौसा. बघायला गेलो तेव्हा तिला जेमतेम एकदा मान वर करून पाहिली, आणि पोह्यांतली अख्खी मिरची चावली तरी मला पत्ता लागला नाही. म्हणजे समजा तुम्ही माझी अवस्था! करीन तर हिच्याशीच, असं मी मनात पक्कं केलं होतं.

पण तिचे वडील! त्यांना मी मामा म्हणायचो. उंचेपुरे, गालभर मिशा, कांद्याची शेती. मारका बैल नुसत्या हाकेनं उभा करायचे. त्यांची एकच अट होती. "पोरगं काळं असू दे, गोरं असू दे, पर धीराचं पायजे. भित्र्याच्या घरात आमी लेक देणार न्हाई." आमच्या मध्यस्थानं बेधडक ठोकून दिलं, "अहो, वाघ आहे वाघ!"

साखरपुड्याला पंधरा दिवस उरले आणि या वाघाची दाढ ठणकायला लागली.

लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या, आईनं हळदीचा लेप लावला. गाल आपला फुगतोच आहे! शेवटी आईनं हात धरून डॉक्टरकडे नेलं. दर गुरुवारी पुण्याहून एक दातांचे डॉक्टर यायचे आणि स्टेशनसमोरच्या खोलीत बसायचे. आत गेलो. शिवणयंत्रासारखं पायानं चालवायचं एक यंत्र, त्याच्या टोकाला दात कोरायची सुई, आणि ताटलीत मांडलेले चिमटे. डॉक्टर पाठमोरे हात धूत होते. ते वळेपर्यंत मी रस्त्यावर! त्यांनी माझी पाहिली ती फक्त पाठ. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आई मात्र तिथंच ठाण मांडून बसली. घरी येऊन मला सांगते, "अरे, त्यांच्याकडं तऱ्हेतऱ्हेचे उपाय आहेत. हिरडी बधिर करायचं इंजेक्शन आहे. मुंबईला तर म्हणे कसलासा वायू हुंगवतात, माणूस खुदूखुदू हसतो आणि तेवढ्यात दात बाहेर!"

"मला नाही हसायचं."

"तो इथं नाहीच. पण तुझ्यासारख्या भागूबाईंसाठी ही पुडी दिलीय. पुढच्या गुरुवारी दाढ काढायच्या आधी तासभर चहातून घ्यायची. गुंगी येते. आपली दाढ निघतेय का शेजाऱ्याची, काही कळत नाही म्हणाले."

आईच्या तोंडात साखर पडो! शब्दन् शब्द खरा झाला.

गुरुवार उजाडला. मी स्टेशनजवळ रहीमचाचांच्या हॉटेलात गेलो. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय दत्तू, गालात लाडू ठेवलाय काय?" मी कोपऱ्यातलं टेबल धरलं, चहा मागवला, इकडे तिकडे बघत पुडी सोडली, चमच्यानं ढवळलं. कप तोंडाशी नेणार, तोच दारातून आवाज आला.

"पाव्हणं! तुमी हितं?"

मामा! पुण्याला कामाला निघालेले, गाडीला वेळ होता म्हणून आत शिरलेले.

आता मला सांगा, वडीलमाणूस, त्यातून होणारा सासरा समोर येऊन बसला, तर आपल्याकडे काय करतात? समोरचा कप आधी त्यांच्यापुढे सरकवतात आणि आपल्याला दुसरा मागवतात. हे शिकवावं लागत नाही, हातालाच वळण असतं. माझ्या हातानं कप सरकवला आणि डोक्याला मागाहून कळलं!

"मामा, तो नको! त्यात माशी पडली होती!"

"माशीनं काय हुतंय? काढली न्हवं?"

"गार झालाय हो."

"मला गारच लागतो."

आता उरलं काय? खरं सांगायचं? 'मामा, मला दाढ काढायची भीती वाटते म्हणून त्यात गुंगीची पुडी टाकलीय,' असं? म्हणजे साखरपुडा तिथंच आटोपला! मामांनी बशीत ओतून, मान तिरकी करून, एका अंगानं चहा संपवला. मला वाटलं, ही त्यांची ऐट असेल.

"गालाला काय झालंय?"

"काही नाही. दाढ काढायला निघालोय."

"भ्या वाटतंय?"

"छे! दाढेला काय भ्यायचं?"

मामांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "मग मी बी येतो संगं. बघू तरी कसं काढत्यात."

झालं! ज्याच्यापासून लपायचं, तोच सोबतीला. आमचा नंबर येईपर्यंत बाकावर बसलो. थोड्या वेळानं मामा म्हणाले, "वारं गार सुटलंय न्हाई?" वारं कसलं, पानही हलत नव्हतं. मग त्यांचा फेटा माझ्या खांद्यावर टेकला.

पडदा सारून डॉक्टर बाहेर आले. "पुडी घेतलेला पेशंट कोण?"

आणि इथं, मंडळी, माझ्या तोंडून आयुष्यातलं सगळ्यात खरं आणि सगळ्यात नीच वाक्य गेलं. "यांनी घेतलीय."

डॉक्टरांनी मामांना दंडाला धरून उठवलं. तेही आज्ञाधारकपणे आत गेले. मी ओरडायला हवं होतं की नको? हवं होतं! पण तोंड उघडलं असतं तर डॉक्टरांना माझी दाढ दिसली असती ना! एवढ्यात थांबवू, एवढ्यात थांबवू, असं म्हणत मी बाकाला चिकटून राहिलो. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "कुठली दाढ, बाबा?" मग मामांचं काहीतरी पुटपुटणं. मग शांतता. मग घोरणं!

थोड्या वेळानं डॉक्टर हात पुसत आले. "झालं. फार शहाणा पेशंट. स्वतःच बोट ठेवून दाढ दाखवली."

मी आत गेलो. मामा हळूहळू भानावर येत होते. त्यांनी गालात जीभ फिरवली. पुन्हा फिरवली.

"पाव्हणं."

"जी."

"माझी दाढ कुठं हाय?"

हौसा गेली, साखरपुडा गेला, वर अब्रूही गेली. म्हटलं, आता खोटं बोलून वाचवायचं तरी काय उरलंय? सगळं सांगून टाकलं. भीती सांगितली, पुडी सांगितली, माशी खोटी होती तेही सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टर पांढरेफटक पडले.

मामा मिनिटभर ताटलीतल्या किडक्या दाढेकडे बघत राहिले. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "तीन वर्सं हिनं जीव खाल्ला. ह्या डागदरच्या दारापत्तोर तीनदा येऊन माघारी गेलो मी. आज म्हनलं, तुमची काढताना बघावी, मग आपली बी." डोळ्यांत पाणी होतं हो त्या माणसाच्या. "तुमचं मी कुणाला सांगत न्हाई, माझं तुमी सांगायचं न्हाई."

हातावर हात मारून शपथा झाल्या. मला गगन ठेंगणं झालं! तेवढ्यात मामा डॉक्टरांना म्हणाले, "आता ह्यांची काढा."

"पुडी एकच होती," डॉक्टर म्हणाले. "पण इंजेक्शन आहे."

मामांनी मला खुर्चीत दाबून धरलं आणि एक हात माझ्या हातात दिला. सुई दिसली मात्र, अशी बोंब ठोकली की रहीमचाचा हॉटेल सोडून धावत आले. दाढ तर अजून पुढंच होती!

साखरपुडा झाला, लग्न झालं. मामांनी चारचौघांत एकच सांगितलं, "जावई धीराचा हाय." तेव्हापासून मामांनी माझ्या घरी कधी चहाचा घोट घेतला नाही. मी कप पुढं केला की हात जोडायचे. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही, अशी जुनी रीत. मी अभिमानानं सगळ्यांना सांगायचो, "आमचे सासरे रीत पाळणारे! हल्ली अशी माणसं कुठं?"

मामा गेले. त्यांच्या कांद्याच्या वावराशेजारी आता कारखान्याची भिंत आहे. तेराव्याहून परतलो, मन भरून आलं होतं, आणि मी शपथ मोडून हौसाला सगळं सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, "मला माहीत आहे. बाबांनी त्याच संध्याकाळी येऊन आईला आणि मला सांगितलं होतं."

"काय? आणि तरी तू हो म्हणालीस?"

"बाबा म्हणाले, 'पोरगं माझ्यापरीस भित्रं हाय, पर इचारल्यावर खरं बोललं.' आणि भित्र्या माणसाची मला सवयच होती की. घरात एक होता."

मी डोळे पुसले. म्हटलं, "थोर माणूस! शेवटपर्यंत लेकीच्या घरचा चहा घेतला नाही."

"घेतला नाही?" हौसा पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अहो, तुम्ही शिफ्टला गेलात की माझ्या हातचे दोन-दोन कप प्यायचे. नको असायचा तो फक्त तुमच्या हातचा!"