पिवळ्या टेपचा उंचवटा

चाकणच्या आमच्या प्रयोगशाळेत मी पॉलिमरच्या फिल्ममधून एक्स-रे सोडतो. आत आयनांचे पुंजके असले की किरण विखुरतात आणि आलेखावर उंचवटा येतो. त्या दिवशी फिल्म बनवणाऱ्या सहकाऱ्याने तुलनेसाठी मुद्दाम आयन नसलेली फिल्म दिली होती. तरी उंचवटा आलाच.

"फिल्मच्या पाकिटांची अदलाबदल केली नाहीस ना?" मी विचारलं.

"भावा, बायकोसुद्धा माझ्यावर एवढा संशय घेत नाही," तो हसला.

ते हसणं मला खटकलं. तो चूक झाकतोय असं धरून मी साहेबांना म्हणालो, "ह्याच्या नमुन्यांवर भरवसा नाही." त्याला नोकरीत कायम करायचं चाललं होतं, ते साहेबांनी थांबवलं.

मग उंचवटा दुसऱ्या कशाचा नाही हे दाखवून त्याला पुराव्यासकट पकडायला मी फिल्म काढली आणि ती चिकटवायची पिवळी टेप तेवढीच किरणांसमोर लावली. टेप बदलली की ही मोजणी आधी करायची असते. नवा रोल उघडूनही मी ती टाळली होती. उंचवटा टेपचाच होता.

तेवढ्यात तो जेवायला बोलवायला आला. "सापडला का चोर, राव?"

"सापडला. तू डबा उघड, मी आधी साहेबांकडे जाऊन येतो."