तुळिंजचा सोफा आणि माझं औषधी तूस

माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकायला मिळण्याचं भाग्य आमच्या पापडी गावात आजवर कोणाला लाभलेलं नाही. तुम्हाला लाभतंय. चहा घ्या, खारी बुडवा, आणि माझं बोलून होईपर्यंत हसायचं नाही. हसलात तर गोष्ट तिथेच बंद!

मी चौथी शिकले. पुढचं सगळं माझं मी. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय मी फेकलेला नाही. विहिरीवरचा पंप मी स्वतः उघडून पुन्हा बसवलाय. एक स्क्रू उरला, पण पंप चालतो! आणि कोंबड्यांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. वाडीत कोणाच्या कोंबडीने मान टाकली की आधी माझ्याकडे आणतात, मग डॉक्टरकडे नेतात.

माझ्या खुराड्यात अठरा कोंबड्या. त्यांच्या अंथरुणाची कृती माझी स्वतःची. खाली भाताचं तूस, त्यावर सुकलेला पाला, आणि मग चुलीची राख, सुकवलेला कडुलिंब, निर्गुडीची पानं. बाजारची पावडर नाही, फवारा नाही, काही नाही. 'पिसवा माझ्या खुराड्याच्या दारापर्यंत येतात, वास घेतात आणि परत जातात,' असं मी चारचौघांत सांगायचे. कोणी विचारलं नाही तरी सांगायचे.

तर माझी नात नेहा. तिने ऑफिसातला ओंकार पसंत केला. पोरगा गुणी, हसरा, आल्या आल्या पाया पडणारा. घरचे मूळचे कोकणातले, आता तुळिंजला फ्लॅटमध्ये राहतात. माझा मुलगा आणि सून जाऊन बोलणी करून आले. सगळं जुळलं आणि ओंकारच्या आईपाशी येऊन घोडं अडलं.

कशावरून अडावं? स्वच्छतेवरून!

ओंकारची आई, सुलभाताई, भारी टापटिपीची बाई. तिला काळजी, की मुलगी वाडीतली. माती, शेण, कोंबड्यांत वाढलेली. उद्या आपल्या घरात कशी वागेल?

नेहा चार दिवस धड जेवली नाही. मला म्हणाली, "आजी, त्या हो म्हणाल्या नाहीत तर ओंकार आईला दुखवून लग्न नाही करणार. आणि मला पण असं नाही करायचं."

"हो कसं म्हणत नाहीत ते मी बघते," मी म्हटलं.

"आजी, प्लीज, तू नको बघूस!"

आता नातीने असं म्हटल्यावर कुठली आजी गप्प बसेल? पुढच्याच रविवारी मी इस्त्रीचं लुगडं नेसले आणि नेहाला घेऊन निघाले.

रिकाम्या हाताने कशी जाणार? दोन डझन गावठी अंडी घेतली. फुटू नयेत म्हणून टोपलीत खाली-वर तूस भरलं. कोठीत कोऱ्या तुसाचं पोतं भरलेलं होतं हो! पण माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. म्हटलं, खुराड्यातलंच न्यावं. औषधी तूस! बघू दे त्या बाईला, आमच्या कोंबड्यांचं अंथरूण तिच्या गादीपेक्षा कसं निर्मळ असतं ते. आदल्याच दिवशी एका खुडूक कोंबडीखाली पिल्लं निघाली होती. तीन आठवडे जिथे ती बूड न हलवता बसली होती, तिथलं तूस सगळ्यात मऊ. तेच ओंजळी भरभरून घेतलं.

नेहा दारातून म्हणाली, "आजी, कोंबड्या हल्ली फार खाजवतात गं. अंडीपण कमी देतायत."

"कोंबडी खाजवणार नाही तर काय पेटी वाजवणार? चल, रिक्षा बोलव!"

टोपली मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. सोपाऱ्याच्या पुलापर्यंत जातोय तोच रिक्षावाला मान खाजवायला लागला. मग खांदा, मग कान. एका हाताने रिक्षा, दुसऱ्या हाताने खाज!

मला राहवलं नाही. "अरे भाऊ, रोज नहाता है की नहीं?"

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "नहाता हूँ, माताजी. अभी तक तो ठीक था. आप बैठे तब से हो रहा है."

बघा! देवाने किती स्पष्ट निरोप धाडला होता. पण मी उलट त्याला आंघोळीच्या पाण्यात कडुलिंब घालायचा सल्ला दिला आणि उतरले.

सुलभाताईंचं घर म्हणजे काय विचारता! लादी अशी, की आपलं तोंड दिसावं. चपला ओळीत, सगळ्यांची नाकं भिंतीकडे. आणि सोफा! दुधाच्या सायीसारखा. मी ऐसपैस बसले आणि टोपलीही शेजारी सोफ्यावरच ठेवली. सुलभाताईंची नजर टोपलीवर गेली, पण बाई सभ्य. माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. समोर ओंकार आणि नेहा. खिडकीपाशी लाकडी खुर्चीत ओंकारचे आजोबा, आबा. पेपर वाचत होते, म्हणजे निदान धरून तरी बसले होते.

मी लगेच विषयाला हात घातला. "सुलभाताई, स्वच्छता पाण्याने होत नाही, अकलेने होते. हे तूस बघा! पिसू नाही, किडा नाही, सगळं नैसर्गिक!"

"हो का?" म्हणत त्यांनी पोह्यांची बशी माझ्या हातात दिली.

एवढ्यात माझ्या पाठीत काहीतरी चावलं. मग दंडावर. मग जिथे चारचौघांत हात नेता येत नाही तिथे. मी पोहे खाता खाता चुळबुळायला लागले. बघते तर नेहा दुपट्ट्याखाली मनगट घासतेय. आणि सुलभाताई? त्यासुद्धा हळूच कोपर खाजवतायत!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ढेकूण! ह्या सायीसारख्या सोफ्यात ढेकूण!

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आमच्या मुलीला माती लागलेय म्हणणाऱ्या बाईच्या सोफ्यात ढेकूण! तरी मी पाच मिनिटं गप्प बसले. विश्वास ठेवा, माझ्या आयुष्यातला तो विक्रम आहे. नेहाचं लग्न, नेहाचं लग्न, असा जप करत बसले. सहाव्या मिनिटाला मानेवर असा चावा बसला, की जपाचं आणि माझं काही जमलं नाही.

"सुलभाताई, राग मानू नका. तुमच्या सोफ्यात ढेकूण झालेत."

ओंकारच्या हातातला चमचा तसाच राहिला.

सुलभाताईंचा चेहरा कागदासारखा झाला. "आमच्याकडे? अहो, बारा वर्षांत ह्या घरात झुरळ आलेलं नाही!"

"लाजायचं काय त्यात? ढेकूण पाहुण्यांबरोबर येतात. कोण आलं होतं तुमच्याकडे?"

"महिन्याभरात कोणीच नाही. आज तुम्हीच."

"आणि आमच्या आधी?"

"आजी!" नेहा दात-ओठ खाऊन पुटपुटली.

पण मी आता कुठली थांबते! पदर खोचला, टोपली खाली उतरवली. ओंकारला म्हटलं, "उचल रे तिकडून." दोघांनी मिळून सोफा आडवा केला. सुलभाताई डोळ्यांना पदर लावून उभ्या. मला दया आली हो त्यांची. दया आली म्हणून तर पुढचा पराक्रम केला! टोपलीतलं तूस मूठ मूठ घेतलं आणि सोफ्याच्या फटीत, उशांच्या मागे, जिथे जागा मिळेल तिथे कोंबलं.

"घाबरू नका. ह्यात कडुलिंब आहे, राख आहे, निर्गुडी आहे. दहा मिनिटांत सगळे पळतात की नाही बघा!"

दहा मिनिटांत काय झालं? आख्खं घर नाचायला लागलं! ओंकार दाराच्या चौकटीवर पाठ घासतोय, सुलभाताई दोन्ही हातांनी डोकं खाजवतायत, नेहा एका पायाने दुसरा पाय. मी तर कुठून सुरुवात करू ह्याच विचारात.

"पळतायत ना, म्हणून चावतायत जास्त," मी सांगितलं. माझा आत्मविश्वास बघा!

तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. आबांनी पेपर खाली ठेवला होता. "आजीबाई, ढेकूण दिसला का हो एखादा? नुसता चावतोच आहे."

"दाखवते की! पांढरा कागद आणा."

ही युक्तीही माझीच. किडा शोधायचा तर खाली पांढरा कागद धरायचा आणि वरून थापटायचं. पाच वर्षांच्या पोरालाही दिसतं. एक उशी कोरी राहिली होती, तिच्यामागे मी अजून तूस कोंबलं नव्हतं. तीच थापटली. खाली काय पडावं? एक शेंगदाणा! दुसऱ्यांदा थापटलं. शेंगदाण्याचं साल!

"तोच कागद आता टोपलीखाली धरा बघू," आबा म्हणाले.

"टोपलीखाली कशाला? त्यात कडुलिंब आहे!"

"असू दे हो. त्याच्या सोबतीला कोणी आहे का, तेवढं बघू."

काय मस्करी करतायत म्हातारबाबा! मी तोऱ्यात टोपली उचलली आणि बुडावर दोन थापा मारल्या. कागदावर जराशी राख पडली.

"ही बघा, नुसती राख."

आणि राख चालायला लागली.

हो! चालायला लागली! कडेकडेने, सगळीकडे, माझ्या अंगठ्यावरसुद्धा! आबांनी चष्मा सरकवला, एका ठिपक्यावर नख दाबलं. कागदावर लाल रेघ.

"ढेकूण नव्हे. कोंबड्यांच्या पिसवा. आमच्या गावच्या खुराड्यात झाल्या होत्या तेव्हा आमची आई अशीच नाचायची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तूस कधी बदललं होतं?"

"बदलायचं कशाला? जुनं तूस चांगलं मुरतं. दिवाळीपासूनचं आहे. मी वरून राख मारते ना."

"उकरून खाली-वर करता का?"

"गुडघे दुखतात माझे."

आबांनी मान हलवली. "म्हणजे खाली त्यांची वस्ती, आणि वरून तुम्ही त्यांना पावडर लावून देता!"

मी टोपली हळूच अंगापासून लांब धरली.

नेहाकडे बघितलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी. तिला कळून चुकलं होतं, की संपलं. स्वच्छतेची खात्री पटवायला आलेल्या आजीने समोरच्या घरावर ढेकणांचा आळ घेतला होता, सोफा उलटा केला होता, आणि त्यात स्वतःच्या हाताने पिसवा पेरल्या होत्या! मी सुलभाताईंपुढे हात जोडले.

"चुकलं माझं. जे काय म्हणायचं ते मला म्हणा. पोरीला नको."

सुलभाताईंनी आतल्या दाराकडे बोट दाखवलं. "आजी, आधी बाथरूममध्ये चला."

गरम पाणी, वरून साबण, पुन्हा गरम पाणी. लुगडं बादलीत बुडवलं. आणि मला घालायला काय दिलं असेल? गाऊन! पपईएवढ्या पिवळ्या फुलांचा गाऊन! गाऊन घालून भाजी आणायला जाणाऱ्या बायकांना मी वाडीच्या फाटकातून काय काय ऐकवलंय म्हणून सांगू! आणि मी तो घालून परक्या घरच्या बाल्कनीत, उभी. बसायचं कशावर, ते कोणी सांगितलंच नव्हतं.

आत बघते तर नेहाने दुपट्टा कमरेला बांधलेला. सोफ्याची कव्हरं उकळत्या पाण्यात. उशा गच्चीवर उन्हात. अंडी एकेक करून धुऊन ताटात. टोपली तुसासकट पिशवीत गच्च बांधून दाराबाहेर. फटीफटींतून ब्रश फिरतोय. पोरीचे हात मशीनसारखे चालले होते. सुलभाताई आधी मदतीला धावल्या, मग नुसत्या उभ्या राहून बघायला लागल्या. पाऊण तासात ते घर पहिल्यापेक्षा लखलखीत!

"हे सगळं कुठे शिकलीस गं?" सुलभाताईंनी विचारलं.

नेहा घाम पुसत म्हणाली, "आजीच्या मागून आवरत आवरत."

आधी आबा हसले. मग ओंकार. मग सुलभाताई अशा हसल्या, की भिंतीला टेकल्या. बाल्कनीत उभी राहून मी सगळं ऐकत होते बरं का! शेवटी डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ओंकार, मला मुलगी पसंत आहे. हिला मी आजसुद्धा ठेवून घेईन. आजींना मात्र घेऊन जा!"

तो गाऊन घालूनच मी पापडीला आले. फाटकापाशी कोण कोण उभं होतं ते मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी खुराडं रिकामं केलं, तूस जाळलं, भिंतींना चुना मारला, फटी खरवडल्या. आता दर आठवड्याला नेहाचा बाप तूस उकरतो आणि मी लांबून सूचना करते.

लग्न थाटात झालं. हॉलमध्ये पहिल्या रांगेत वडीलधाऱ्यांसाठी लाल मखमली सोफे. मी पैठणी सावरत, मान ताठ करून, मधल्या सोफ्यावर टेकणार तोच सुलभाताईंनी लगबगीने येऊन माझा हात धरला.

"आजी, तिथे नको. तुमच्यासाठी खास खुर्ची ठेवलीय."

मला कोण आनंद! चारचौघांत, खास खुर्ची! त्यांच्यामागून गेले. बघते तर प्लॅस्टिकची.

"ही खास?" मी विचारलं.

"हो ना," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "धुता येते."