मागच्या बाजूचे धागे

कापड हातमागाचेच असल्याच्या सरकारी शिक्क्यासाठी माझ्या पत्नीने केलेला अर्ज फेटाळला गेल्यावर मी तो शिक्का देणाऱ्या कार्यालयाला चार पत्रे लिहिली. चौथ्यात 'नैसर्गिक न्यायाची उघड पायमल्ली' असे शब्द होते आणि त्यांच्याखाली रेघ होती. न्यायालयात लेखनिक म्हणून आयुष्य गेल्याने असा मजकूर मला सुचतो, आणि संतापात तर अधिकच.

केजमधल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत तिचा माग आहे. त्यावर ती ताटाखाली अंथरायच्या सुती पट्ट्या विणते. दुकानदार त्यांना टेबलमॅट म्हणतात. निळ्या पट्टीवर पिवळे-हिरवे पोपट, आणि पोपटाचा एकेक रंगीत धागा बोटांनी गुंतवलेला. शिक्क्याशिवाय प्रदर्शनात गाळा मिळत नाही, आणि त्या गाळ्यासाठी ती वर्षभर विणत होती. नकाराचे कारण एका ओळीत होते: नमुने यंत्रमागावरचे वाटतात.

अखेर त्या कार्यालयाचे तपासणीस घरी आले, अर्जासोबत पाठवलेले आमचेच नमुने घेऊन. मी पाणी देण्याआधी त्यांच्या हाती पत्रांच्या प्रती दिल्या.

"वाचलीत काका, चारही," ते म्हणाले. "काकूंचं काम बघू द्या. फेरविचाराची मुदत आज संपते."

ती मागावर बसली. पोपटाची चोच विणायची होती. ती धागे मोजू लागली. मी त्यांना नियमातील हातमागाची व्याख्या ऐकवू लागलो, तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "तुमी गप बसा जरा. मोजणी चुकायलीय माझी."

चोच पुरी झाली. तपासणीसांनी वाकून विणीची मागची बाजू पाहिली. जिथे जिथे रंग बदलला होता, तिथे धाग्याची टोके लोंबत होती. मग त्यांनी कार्यालयातून आणलेला नमुना उलटा करून शेजारी धरला. त्याची पाठ गुळगुळीत होती.

"काकू, ही टोकं कुठं गेली? आम्ही हातविणीची खूण म्हणून तीच बघतो."

तिने नमुन्यावर नख फिरवले. पोपटाच्या पंखातला धागा अलगद सुटून आला.

"हे मी न्हाई कापलं," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहू लागली.

पुरावा नीटनेटका सादर करावा, या जन्माच्या सवयीने पाकिटात घालण्यापूर्वी ती टोके मीच मुळापासून छाटली होती. इतके दिवस सांभाळलेला राग आता कोणावर काढावा, हे मला कळेना.

"मी कापली," मी म्हणालो.

"तसं लेखी द्या."

मी लिहिले: 'सदर धागे माझ्याकडून अनवधानाने कापले गेले.' तिने चष्मा लावून कागद वाचला.

"अनवधानानं कशाचं? मी नका कापू म्हणलते. तुमी म्हणलाव, हापिसात असलं झिपरं पाठवत न्हाईत."

मी तो कागद फाडला. पत्नीने स्पष्ट मनाई केली असतानाही धागे मी स्वतः कापले, असे नव्या कागदावर लिहून सही केली. तिने तोही वाचला, मगच पुढे केला.

"गाळा मिळंल का?" तिने विचारले.

"शिफारस करतो, काकू. नवा नमुना तेवढा द्या."

तिने कपाटातून टोकांसकट एक पट्टी काढली. मी सवयीने हात पुढे केला. तिने ती स्वतःच पाकिटात घातली, पाकीट चिकटवले आणि त्यांच्या हाती दिले.