रुमाल काढून बोल

कुणी कानाशी तोंड नेलं की आमदार दोन पावलं मागे सरायचे आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "रुमाल काढून बोल."

घोडेगावचा बैलबाजार तुम्ही पाहिला असेल, तर यापुढे सांगायला नको. तिथे बैलाचा भाव तोंडाने ठरत नाही. दोघं रुमालाखाली हात धरतात, एकमेकांची बोटं दाबतात, आणि भोवती उभ्या असलेल्यांना पत्ता लागत नाही. आमदारांचे वडील त्या बाजारात दलाल. "माझ्या बापाचा हात जल्मभर रुमालाखाली हुता," ते म्हणायचे, "माझा उघड्यावर ऱ्हाऊ द्या."

त्यांचं घर आमच्या समोर. त्यामुळे सकाळचा त्यांचा आरडाओरडा मला अंथरुणातच मिळायचा. एकदा बदलीसाठी एक मास्तर पेढे घेऊन आला. "पोरं शाळेत वाट बघत्यात आन तू हितं पेढं वाटत फिरतो व्हय?" मास्तर पळाला, पेढे राहिले, ते आम्ही गल्लीवाल्यांनी निर्लज्जपणे खाल्ले. पुढच्या बाजारच्या दिवशी पाहतो तर त्याच मास्तरच्या आजारी आईला जीपमध्ये घालून आमदार नगरच्या दवाखान्यात निघालेले. जीप वळणाआड जाईपर्यंत मास्तरवर ओरडणं चालूच होतं.

मी पाट्या रंगवायचो. 'येथे सायकली भाड्याने मिळतील' ही माझी त्या काळातली सर्वोत्तम कृती. आमच्या हिचं मत असं की तीही वाकडीच आहे.

बहात्तरची निवडणूक तोंडावर आली तेव्हा पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. तालुक्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडेला एक गाव आहे. तिथल्या बायका पाण्यासाठी दुसऱ्या गावच्या शिवारात जायच्या आणि तिथल्या लोकांच्या शिव्या खाऊन हंडा भरून आणायच्या. त्या गावाला पाझर तलाव मिळावा म्हणून आमदार पाच वर्षं भांडले होते. जागा ठरली होती. आणि एका दुपारी जिल्ह्यातले एक वजनदार पुढारी त्यांच्या ओसरीवर येऊन बसले.

मी तेव्हा त्यांच्या दाराची चौकट रंगवत होतो, म्हणजे ब्रश कोरडा पडला तरी ऐकत होतो. पुढाऱ्यांनी आमदारांच्या खांद्यावर हात टाकला आणि हळू सांगितलं, तळं जरा खाली सरकवा. खाली त्यांच्या पाहुण्यांचा ऊस होता. सरकवलंत तर तिकीट तुमचंच.

आमदारांनी खांद्यावरचा हात उचलून बाजूला ठेवला. रुमालाचं ते वाक्य त्या दिवशी बहुधा नगरपर्यंत ऐकू गेलं असावं. तिकीट गेलं.

ते अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं उंट. सगळ्या भिंती मी रंगवल्या, फुकट. माझा उंट इतका म्हशीसारखा दिसायचा की एका वस्तीवर लोकांनी विचारलं, ही दुभती हाय का? आमदार माझ्यावर कडाडले, "अरे, मानूस पाडशील चित्रानं." मी पुढच्या भिंतीवर कुबड वाढवलं.

शेवटची सभा मुद्दाम त्या डोंगराकडेच्या गावात ठेवली होती. तिथली मतं घरचीच, असं आम्ही धरून चाललो होतो. जीप थांबली. माणसं देवळापुढे उभी होती, पण कुणी वर बघेना. तात्या म्हणून गावातला एक म्हातारा आमदारांपुढे आला.

"आबा, आमी बेलभंडारा उचललाय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवापुढचं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ घेतली, की मत बांधलं गेलं.

"कुनासाठी?" आमदारांनी विचारलं.

"समोरच्यासाठी. पुढाऱ्याची मानसं आल्ती. म्हनाली, तळं हितंच करतो. तुमी आता पक्षात न्हाई, तुमच्या हातात काय हाय?"

मी जीपचा दांडा घट्ट धरला. आता हा माणूस देवळाचे दगड हलवणार. ज्यांच्यासाठी तिकीट गेलं, त्यांनीच मत दुसऱ्याच्या ओंजळीत घातलेलं. आमदारांनी समोर आलेला चहा घेतला. पूर्ण प्याले. कप खाली ठेवला, हात जोडले आणि जीपमध्ये येऊन बसले.

रस्ताभर मीच त्या गावाचा उद्धार करत होतो. घर जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "देवाम्होरं उचललाय. मोडा म्हनू का?"

मला त्यांचाही राग आला. आजही येतो. माणसाने इतकं सरळ असू नये, निदान शेजाऱ्यांच्या तब्येतीसाठी तरी.

ते पडले. त्या एका गावानेच पाडलं असं नाही, पण मला तेवढंच गाव दिसतं. पुढे पावसाने पुन्हा तोंड फिरवलं, जिकडेतिकडे दुष्काळी कामं निघाली, आणि तळं? ते उसाच्या बाजूला सरकवायचे कागद तयार. नवे आमदार त्या गावाकडे फिरकले नाहीत. पडलेले आमदार मात्र एस.टी.ने नगरला जायचे, कचेरीत उभे राहून ओरडायचे. साहेब लोक त्यांना पाहून दार लावून घेत, तर ते दाराशी ओरडत. शेवटी तळं ठरल्या जागी सुरू झालं.

तात्या एकदा आभार मानायला आला. आमदारांनी त्याला चहा पाजला, पावसाचं विचारलं, दारापर्यंत सोडलं. त्या गावात त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, सकाळी पेपर वाचता वाचता ते गेले. दुपारी ते सगळं गाव तळ्याच्या कामावरून तसंच चालत आलं. अंगावर माती, डोक्याला फडकी. मी आमदारांच्या दारात उभा होतो आणि माझा बांध फुटला.

"आता आलात? मत मागायला आले तेव्हा मान वर करवत नव्हती. कुणाच्या ओरडण्याने तळं आलं, ठाऊक आहे? आता काय बघायला आलात?"

आमची ही मागून माझा सदरा ओढत होती. मी दम घ्यायला थांबलो. तात्या फेटा काढून, हातात धरून उभा होता.

"थांबू नका, बोला," तो म्हणाला. "आबा आमाला त्या दिशी काईच बोलले न्हाईत. मी घरी आलो तरी बोलले न्हाईत. वरीस झालं, आमी वाट बघतोय."

मी तोंड उघडलं. ती सगळी माणसं उन्हात मान खाली घालून तशीच उभी राहिली.