नामांकित कॉलेजातलं सुतक

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, बाबांनो, म्हणजे मला मधे मधे थांबायला नको. मी काही घाईनं सांगणारा माणूस नाही. आणि जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यापायी माझा पोटचा मुलगा आठवडाभर माझ्याशी तोंड फिरवून बोलत होता.

मी एका मोठ्या कॉलेजात जाऊन मयतीला बसून आलो.

कुणाच्या? कुणाच्याच नाही! कुणी मेलेलंच नव्हतं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. चहा निवतोय तुमचा, प्या.

माझा मुलगा भाऊसाहेब, त्याची एकुलती पोरगी तेजू. पारनेरला बारावी झाली आणि मार्क असे पडले की दोन कॉलेजांत नंबर लागला. एक नगरचं, सावेडीत, माझ्या लेकीच्या घरामागं. दुसरं पुण्याचं. पुण्याच्याचं नाव मी घेत नाही, पण घेतलं की ऐकणारा बसल्या जागी सरळ होतो, एवढं थोर. नगरच्याचं नाव घेतलं की तोच माणूस विचारतो, "हे कुठं आलं?"

झालं! घरात दोन पक्ष पडले. भाऊसाहेब पुण्याकडून, मी नगरकडून, आणि पोरगी बिचारी मधे.

"तात्या, नाव लागतं नाव!" भाऊसाहेब म्हणायचा. "उद्या नोकरीला गेली तर पयलं इचारत्यात, कुठं शिकली."

"आन् पोरगी तितं सुखात हाय का, ते कोन इचारतं?"

"सुखाचं नंतर बघू. ते काय पळून चाललंय का?"

आता मी शाळेची पायरी चढलेला माणूस नाही. पण नगरचं कॉलेज मी बघितलं होतं. लेकीकडं गेल्तो तेव्हा सहज आत डोकावलो. पोरं-पोरी लिंबाखाली डबे उघडून बसलेली, एका डब्यात चौघांचे हात. कुणीतरी बाक बडवून गाणं म्हणत होतं. एका पोरानं मला खुर्ची आणून दिली आणि विचारलं, "बाबा, कुणाला शोधताय?"

"कुनालाच न्हाई."

"मग बसा की!"

संपलं! माझं मन तिथंच बसलं ते उठायचं नावच घेईना.

तेजूचं मात्र ठरत नव्हतं. पोरगी हुशार, पण लाजरी. पुढच्या दारानं पाहुणे आले की ही मागच्या दारानं गोठ्यात! एकदा गायीला वैरण टाकता टाकता मला हळूच म्हणाली, "तात्या, शिकायला मला पुण्याचंच आवडतंय. पण तिथं माझ्याशी कुणी बोललंच नाही तर?"

"बगून तर येऊ," मी म्हणालो.

खरं सांगू? माझ्या मनात पाप होतं. त्या थोर कॉलेजात काहीतरी खोट सापडावी, म्हणून मी निघालो होतो.

सुनेनं शिदोरी बांधून दिली. बाजरीच्या भाकरी, लसणाचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. शेजाऱ्याची गाडी, वाटेत सुप्याला चहा, आणि पोचलो पुण्याला. काय ती इमारत! दगडी, उंच, मान वर करता करता माझी टोपी पडली. भाऊसाहेब आणि तेजू ऑफिसच्या खिडकीपुढं रांगेत उभे राहिले. मला बाकावर बसवलं.

"तात्या, हितनं हलू नका बरं का."

आता म्हाताऱ्या माणसाला हलू नको म्हटलं, की त्याला त्याच क्षणी हलायची गरज लागते. तुम्हालाही लागेल, थोडं वय होऊ द्या! शिदोरी काखेत मारून मोरी शोधत निघालो, आणि एका दाराशी थबकलो.

दाराबाहेर चपला-बुटांची रास. आत खोलीभर पोरं, सगळ्यांच्या माना खाली. कुणी ब्र काढत नव्हतं. कुणाचा हात कपाळाला, कुणाचे डोळे लाल, एक पोरगा तर टेबलावर डोकं टेकून पडलेला. आणि समोरच्या भिंतीवर एका पगडीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो. फोटोला ताज्या फुलांचा हार!

तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

मी चपला काढल्या. राम राम घातला नाही, अशा ठिकाणी घालत नाहीत. खाली मान घालून एका पोरीशेजारी जाऊन बसलो. कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. दुःखाच्या घरी कोण विचारतं?

बराच वेळ बसल्यावर त्या पोरीला फोटोकडं बोट करून हळूच म्हणालो, "कदी गेले, बाळा?"

तिनं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. "माहीत नाही, आजोबा."

बघा! धक्क्यानं पोरीला दिवस-वेळेचंही भान राहिलं नव्हतं! मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रातीपासून जेवली न्हाईस ना?"

एवढंच बोललो. तर पोरीच्या डोळ्यांतून धारा! निळी ओढणी तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली.

"रड बाळा, रडून घे. आतल्या आत ठिवू नगं."

पलीकडचा दाढीवाला पोरगा बघत होता. त्याचंही नाक सू सू करायला लागलं. मागून आणखी एक हुंदका आला. दुःखात असंच असतं, एकानं बांध फोडला की बाकीच्यांना वाट मिळते.

आणि मयताच्या घरी चूल पेटत नाही, हे का मी तुम्हाला सांगायला पाहिजे? भाकरी बाहेरच्यानं न्यायची असते. मी शिदोरी सोडली.

लसणाचा ठेचा तो! त्या गार हवेच्या बंद खोलीत वास असा सुटला, की एकेक मान वर व्हायला लागली. टेबलावर पडलेला पोरगासुद्धा उठून बसला आणि म्हणाला, "आजोबा, मला पण थोडी मिळेल?"

तेवढ्यात एक चष्मेवाले गृहस्थ धावत आले. धावत, पण चवड्यांवर. "अहो! अहो आजोबा! हे काय चाललंय?"

मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमी घरचे का?"

"इथलं सगळं मीच बघतो!"

"मग तुमीच मन घट करा. तुमी ढासळला तर ही लेकरं कुनाकडं बगतील?"

गृहस्थ तोंड उघडं ठेवून उभे. दुःखानं वाचा गेली, असं मी समजलो आणि त्यांना एकटं सोडून बाहेर आलो. 'येतो' म्हणालो नाही. तेही म्हणत नाहीत.

थेट भाऊसाहेबाला गाठलं. "आज आपलं काम काढू नगं. हितलं मोठं मानूस गेलंय. आत पोरं ढसाढसा रडत्यात. तेजे, तू जा, त्या निळ्या ओढनीवालीपाशी बस. चार घास खायला लाव तिला."

तेजू आधी बापाच्या पाठीमागं सरकली, पण दुःखाच्या कामाला नाही म्हणायचं नसतं, हे तिला घरातच शिकवलेलं. गेली.

भाऊसाहेबानं आत एकदा डोकावलं आणि त्याचा चेहरा पडला. खिडकीतल्या क्लार्कला म्हणाला, "साहेब, लई वाईट झालं. आमी परत कदीतरी येतो."

"काय वाईट झालं?"

"तुमचे मोठे साहेब गेले न्हवं? पोरं रडत्यात आत."

क्लार्क पांढराफटक पडला. आता त्यांचे प्राचार्य सकाळीच छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेले होते, हे मला काय स्वप्न पडलं होतं?

"अरे देवा! सर गेले!"

क्लार्कनं शिपायाला सांगितलं, शिपाई धावला, आणि टण् टण् टण् टण्! सुट्टी! सगळ्या वर्गांतून पोरं बाहेर सांडली. आधी आनंदात, मग कारण कळल्यावर कुजबुजत. क्लार्क खुर्चीत बसून डोळे पुसत होता. एवढ्यात दारात एक जाडजूड गृहस्थ आले, हातात औषधाची पिशवी.

"सुट्टी कुणी दिली? कशाबद्दल?"

क्लार्क उठून उभा राहिला. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"सर... तुमच्याबद्दल."

पुढचं काय सांगू? सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं, आणि बघता बघता सगळ्यांची नजर येऊन माझ्यावर थांबली. मी बोट करून तो हारवाला फोटो दाखवला.

प्राचार्य खाली बसले. "आजोबा, ते आमचे संस्थापक. तुमचा जन्म व्हायच्या आधी वारले. हार रोजच घालतो."

"आन् ती पोरं?"

"ती अभ्यास करतायत. वाचायची खोली आहे ती."

"अब्यास? असा?"

प्राचार्य हसले नाहीत. भला माणूस. त्या खोलीकडं बघून शिपायाला म्हणाले, "आता दिलीच आहे सुट्टी, तर राहू दे." भाऊसाहेब मात्र भुईत शिरायला जागा शोधत होता.

आणि तेजू? तेजू कुठं दिसेना! शोधत मागच्या आवारात गेलो, तर झाडाखाली माझी शिदोरी पसरलेली. निळ्या ओढणीवाली, दाढीवाला, झोपाळू पोरगा, आणखी दोघी, आणि मधे आमची तेजू. ती ओढणीवाली लांबच्या गावची, वर्षभर हॉस्टेलात एकटी पडलेली. जेवलीस का, असं तिला तिथं कुणी विचारलंच नव्हतं. आता ती हसून हसून तेजूच्या खांद्यावर पडत होती. आणि आमची लाजाळू पोरगी घडाघडा बोलत होती! काय बोलत होती? "आमचे तात्या ना, पहिल्यापासून असेच आहेत!"

परतीच्या वाटेवर शिरूर आलं. मग भाऊसाहेब म्हणाला, "त्या कॉलेजात आता तोंड दाखवायची सोय न्हाई. नगरचंच घेऊ."

जिंकलो! मनातल्या मनात मी सावेडीच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसलोसुद्धा. तेवढ्यात मागून तेजू म्हणाली, "नाही पप्पा. मी पुण्यालाच जाणार."

"का गं?"

"ओळखी झाल्या ना आता."

घ्या! खोट काढायला गेलेला मी, जी खोट होती तीच माझ्या हातानं भरून आलो. 

तेजू पुण्याला गेली. पहिले काही दिवस रोज संध्याकाळी फोन यायचा, "तात्या, करमत नाही." मी इकडून धीर द्यायचो. मोठं भारी वाटायचं तो धीर द्यायला. मग फोन एक दिवसाआड आला. मग रविवारी. आता मीच लावला तर मागं हसण्याखिदळण्याचा कालवा असतो आणि ही म्हणते, "तात्या, मैत्रिणी थांबल्यात, नंतर करते हं!"

पोरगी सुखात राहावी म्हणून सगळ्या घराशी भांडलेला माणूस मी. रोज दिवेलागणीला मारुतीपुढं हात जोडतो आणि म्हणतो, देवा, माझी तेजू तिथं कायम हसती-खेळती ठेव. फक्त आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळच्या वेळी, फार नको, अगदी थोडं, तिला करमेनासं कर की रे!