चार राजे आले आणि मी मरायला लागले

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बायांनो, कारण मी जे करून बसले ते सांगताना माझ्या तळहाताला अजून घाम फुटतो. मधेच चहा गार झाला तर मला बोल लावू नका.

पत्ते मला लहानपणापासून येतात. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण बदाम-इस्पिक ओळखायला शाळा कशाला लागते? आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळायची चालच आहे. माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणायच्या आणि मी निंबाखाली बाप्यांच्या पाठीमागे उभी राहून डाव बघायची. पुढे आम्ही बायका चिंचोके लावून खेळायला लागलो, आणि गल्लीतले निम्मे चिंचोके माझ्या डब्यात! कसे? भारी पान आलं की तोंड पाडायचं. उसासा टाकायचा, कपाळाला हात लावायचा. समोरचीला वाटतं, ही तर संपली! मग ती चिंचोके ओतत जाते. कोंबडी धरायची तर दाणे टाकतात, दगड मारत नाहीत.

ह्या आखाजीला नात काजल सुट्टीवर आमच्या खांडबाऱ्याला आली आणि तिने फोनमधले पत्ते दाखवले.

"पैसे लागतात का गं?" मी आधीच घाबरून विचारलं.

"नही वं मोठी माय, फुकटन्या चकत्या शेतस!" मोठी माय म्हणजे आजी, आमच्याकडे; आणि चकत्या म्हणजे पैशाऐवजी लावायचे फोनमधले चिंचोके.

खेळ सोपा. दोन पानं आपल्या हातात, पाच मधे सगळ्यांची. ज्याचं घर, म्हणजे जुळलेली पानं, भारी, त्याची सगळी रास. हिरवं दाबलं की समोरच्याएवढं लावायचं, पिवळं दाबलं की वाढवायचं, लाल म्हणजे पानं फेकली. रंग कळतात मला!

थांबा, एक गोष्ट राहिली. दोन महिन्यांपूर्वी माझ्या छातीत चमक आली होती. तेव्हा नवापूरच्या डॉक्टरने माझ्या लेकाला, भास्करला, बजावलं होतं: पुन्हा असं झालं तर थांबू नका, सरळ सुरत. आणि सुरतचा दवाखाना म्हटला की माझे हातपाय गार पडतात. आमचे हे तिकडे बसून गेले आणि चादरीत आले. तेव्हापासून मी साधा ढेकरसुद्धा पदरात तोंड घालून देते. घरात कोणाला ऐकू गेला तर?

तर त्या दुपारी काजल म्हणाली, "मी धाबावरन्या कुरडया पालटी येस. तवपर्यंत तू खेळ." आणि गच्चीवर गेली.

माझ्या हातात आले दोन राजे. मधे उघडले राजा, सत्ती, दुर्री. पुढचं पान उघडलं, तर राजा! चार राजे! अख्ख्या जन्मात माझ्या घरी चार राजे एकत्र आले नव्हते. आनंद? कसला आनंद! भीती वाटली. एवढं मोठं पान हातात असलं की वाटतं, आता हे कोणी ओळखलं तर सगळे पळतील आणि हाती काहीच लागणार नाही.

आणि मला एक खात्री होती. पुरुषोत्तमनगरची माझी लेक दर रविवारी फोनमध्ये मला दिसते, मी तिला दिसते. मग फोनमधून माझ्याशी खेळणारे हे पाच खेळगडी माझं तोंड बघत नसतील का?

झालं. फोन समोर धरला, तोंड पाडलं.

"अरे देवबा! गयं, मन्हं सगळं गयं!"

हिरवं दाबलं. पलीकडच्याने वाढवलं. बघा, लागली कोंबडी दाण्याला!

"आते काय ऱ्हायनं मन्हं!" मी कपाळ बडवलं. हिरवं. त्याने आणखी वाढवलं. रास अशी फुगली, अशी फुगली! आता पिवळं दाबून शेवटचा घाव घालायचा. पण त्याआधी म्हटलं, थोडं आणखी. मी छातीला हात लावला, डोळे फिरवले आणि जीव खाऊन ओरडले, "मेली वं माय, मी मेली!"

ताटल्या पडल्याचा आवाज आला. सून रेखा धावत आली आणि तिने माझ्या हातातला फोन हिसकून गादीवर फेकला.

"आई! काय व्हयनं? छातीमां दुखस का?"

"माले काही व्हयनं नही! फोन दे!"

"अहो," ती भास्करला ओरडली, "आईंना फोन पाहिजे! लेकीशी बोलायचंय शेवटचं!"

भास्करने लगेच आपल्या फोनवरून बहिणीला लावला. मी बोलायच्या आत तिकडून हंबरडा! मी गादीकडे हात करून ओरडते आहे, "पिवळं दाब! अरे, पिवळं दाब!"

भास्करचा चेहरा पांढरा पडला. "माय वातमां बोली ऱ्हायनी," तो म्हणाला.

शेजारच्या दुकानातल्या शेठाणी बीपीचं मशीन घेऊन आल्या. आता तुम्हीच सांगा, चार राजे गादीवर पडलेत, लेक फोनवर रडतेय, लेकाच्या तोंडी 'सुरत, सुरत' चाललंय, अशा बाईचं बीपी किती असणार?

"एकशे नव्वद! मांजी, बिलकूल हलू नका!"

"मी नाटक करी ऱ्हायनू व्हतू!"

"हां हां मांजी, नाटक. आता बोलू नका."

इतकं खरं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि इतका अविश्वासही कधी पाहिला नव्हता.

गल्लीत कोंबड्यांची पिकअप उभी होती. नवापूर सुरतच्या वाटेवरच, तिथे आधी दाखवू, म्हणून मला खुराड्यांच्या मधे गोधडीवर आडवं केलं. नवापूरपर्यंत त्या कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. तेव्हा मात्र माझी भीती नाटकाची राहिली नव्हती. ह्यांची चादर डोळ्यांपुढे येत होती. मनात म्हटलं, बाई, पत्त्यांपायी मेलीस.

नवापूरला तोच तरुण डॉक्टर. त्याने छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी काढली, पुन्हा काढली.

"यांना काहीही झालेलं नाही."

मी हात जोडले. "डॉक्टरसाहेब, मला सुरतला पाठवू नका. मी पत्ते खेळत होते."

तेवढ्यात काजल स्कूटीवरून फोन घेऊन पोचली, अशी तापलेली की कुरडया तिच्या कपाळावर वाळल्या असत्या!

"मोठी माय, चार राजे असताना पानं फेकली?"

"मी कुठे फेकली?"

"वेळेत काही दाबलं नाही की पानं आपोआप जातात! सगळी रास सत्तीच्या जोडीवाला घेऊन गेला!"

माझा जीव तिथेच निम्मा झाला. तरी म्हटलं, "पण माझं तोंड बघून फसला होता ना तो?"

"तुझं तोंड कोणाला दिसतं? तिथे चष्मा घातलेल्या बकरीचं चित्र लावलंय मी!"

म्हणजे बघा! ज्यांना फसवायचं त्यांना अख्खा वेळ बकरी दिसत होती, आणि चिंचोकाभरही न लावलेलं माझं घर फसलं होतं.

डॉक्टर हसून हसून टेबलाला धरून उभा होता. भास्कर पिकअपवाल्याला परत खांडबाऱ्याला चल म्हणून सांगायला बाहेर गेला, तसा डॉक्टर खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "आजी, आम्ही पण आखाजीला बसतो. ते तोंड कसं करायचं, एकदा दाखवा ना."

आता कौतुकाने विचारलेलं कोण नाकारील? मी पदर सारखा केला, उसासा टाकला, छातीला हात लावला, डोळे फिरवले.

आणि नेमका त्याच वेळी भास्कर दारात आला.

"सुरत!" तो पिकअपवाल्याला ओरडला. "गाडी फिराव, सुरत!"

आणि ह्या वेळी तर माझ्या हातात पानंसुद्धा नव्हती.